लग्न हा शब्द न वापरता

इथे आखातात, इंडस्ट्रियल एरियात दर शुक्रवारी मी इंग्रजी शिकवायला जाते ती फुकट, आणि स्वभाव तापट असल्यामुळे ओरडतेही फुकटच. कंपनीच्या कॅम्पातल्या मेसमध्ये, नाश्त्याची भांडी उचलली की वर्ग भरतो. समोर ड्रायव्हर, वेल्डर, प्लंबर. सगळे मराठी, बहुतेक मराठवाड्याकडचे, बायका-मुलं गावी ठेवून आलेले. "समजलं का?" विचारलं की एका सुरात "हो मॅडम", आणि तेच त्यांच्याकडून वदवून घ्यायला गेलं की सगळे छताकडे बघतात. पालथ्या घड्यावर पाणी, असं घरी येऊन मी नवऱ्याला सांगते. पुढच्या शुक्रवारी मात्र मीच त्याच्या मागे लागून गाडी काढायला लावते.

यांना हवी असलेली वाक्यं ठरलेली असतात. सुपरवायझरला काय सांगायचं, दवाखान्यात कुठे दुखतं ते कसं बोलायचं, रजा कशी मागायची. शटरिंगचं काम करणारे एक पन्नाशीचे सुतार मात्र भलतंच विचारायला लागले.

"मॅडम, 'घाबरू नको' कसं म्हणायचं?"

मी सांगितलं. पुढच्या शुक्रवारी त्यांना 'मनातलं सांग' हवं होतं, त्याच्या पुढच्या शुक्रवारी 'मी तुझ्या बाजूनं हाय'. मला काही केल्या उमगेना. सुपरवायझरला कुणी 'घाबरू नको' म्हणत नाही. या वयात गृहस्थांचं काही वेडंवाकडं तर चाललं नाही ना, अशी शंकेची पाल माझ्या मनात चुकचुकली, आणि मी त्यांच्याशी जरा तुटकच वागायला लागले.

ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. एकदा वर्ग सुटल्यावर थांबले आणि खालमानेने सगळं बोलून टाकलं. गावी मुलगी बीएस्सीला आहे. त्यांच्या थोरल्या भावाने तिच्यासाठी स्थळ पाहिलंय, सुपारी फुटायचीच काय ती बाकी आहे. आणि मुलीच्या मनात काय आहे, हे बापाला ठाऊक नाही.

"अहो, मग विचारा की तिला!" मी म्हणाले.

"कसं इचारू मॅडम? फोन दादाचा. पोरींच्या हाती फोन द्यायचा न्हाई, असा घरचा दंडक. व्हिडिओ लावला की आई, दादा, वहिनी समदी पुढ्यात येऊन बसत्यात. आमची मंडळी तर दिरापुढं तोंड उघडत न्हाई, दाराआड हुबी ऱ्हाती. म्या हितं, लेकरं दादानं वाढवली. त्याच्यासमोर पोरीला 'तुला पसंत हाय का' म्हणलं, तर त्याच्या तोंडात मारल्यावानी हुईल."

घरात इंग्रजी येतं ते फक्त मुलीला, म्हणून तिला इंग्रजीतच विचारायचं त्यांनी ठरवलं होतं. पप्पा परदेशात इंग्रजी शिकतायत आणि लेकीची परीक्षा घेतायत, असंच सगळ्यांना वाटणार होतं.

मला राग आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना. भावावर काढावा, तर त्याने स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन पुतण्यांना शिकवलेलं. माझ्या घरी मी मराठीत ओरडते, मुलगा इंग्रजीत उत्तर देतो, आणि तरी आमचं बरं चाललेलं असतं. हे बाप-लेक एकाच बोलीत वाढलेले, आणि एकमेकांशी मनातलं बोलायला त्यांना परकी भाषा उसनी आणावी लागत होती. माझं डोकं चालेना. पण वाक्यं करून द्यायला मी बसले.

"'मॅरेज' नको मॅडम, त्ये आईलाबी कळतं. 'बॉय' नको. 'येस', 'नो' तर नकोच."

"'लाइक' चालेल?"

"छ्या! मोबाइलमुळं त्ये समद्या गावाला ठावं हाय."

शेवटी उरलं ते एवढंच: 'टेल मी फ्रीली. डोन्ट बी अफ्रेड. आय ॲम ऑन युवर साइड.' ते त्यांनी फळ्या ठोकताना घोकलं. पुढच्या शुक्रवारी, वर्ग सुटल्यावर, मेसच्या टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून त्यांनी फोन लावला. मला म्हणाले, "मॅडम, बाजूला बसा, धीर येतो." मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले.

पडद्यावर म्हातारी आई, टोपी घातलेला भाऊ, वहिनी, आणि मध्ये मुलगी. हवापाणी झालं, जेवणखाण झालं. मग सुतारांनी घसा खाकरला आणि परीक्षा घेतो म्हणून वाक्यं म्हटली. 'फ्रीली'ला अडखळले. मुलगी हसली, मग हसायची थांबली. तिने एकदा वडिलांकडे नीट बघितलं आणि ती बोलायला लागली. भराभर, स्वच्छ, लांबलचक.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी यांना प्रश्न शिकवला होता, उत्तर समजायला शिकवलंच नव्हतं. ते आपले पडद्याकडे बघून हसत "व्हेरी गुड, व्हेरी गुड" म्हणत होते, आणि ओठ न हलवता मला विचारत होते, "काय म्हणलं लेकरू?"

लेकरूही तो शब्द टाळून म्हणालं होतं, मला आत्ता हे नको, मला पुढे शिकायचंय. पण पप्पा, तुम्ही नकार दिला तर तुम्हा भावाभावांत फूट पडेल, म्हणून तुम्ही सगळे म्हणाल तिथे मी उभी राहीन.

आता यातलं कोणतं सांगायचं? दोन्ही तिचंच होतं, दोन्ही खरं होतं. मग मी तोंड फिरवून पुटपुटले, "नको म्हणतेय. शिकायचंय." पुढचं गिळलं. ते गिळायचा मला काय अधिकार होता, हे मला अजूनही समजलेलं नाही.

सुतारांचं हसू तसंच राहिलं. पलीकडून भाऊ कौतुकाने म्हणाला, "लई फाडफाड बोलती की रं!"

"कुठलं दादा! निस्तं चुकतंय. लई कच्चं हाय तिचं. आजून शिकू द्या, लग्नाचं मग बघू. हितं आमच्या मॅडम बसल्यात, त्यांनाच इचारा." आणि त्यांनी फोन माझ्याकडे वळवला.

अख्खं घर माझ्याकडे बघायला लागलं. भावाने टोपी सारखी केली, हात जोडले. "मॅडम, खरंच कच्चं हाय का हो पोरीचं?"

इतकं चांगलं इंग्रजी माझ्या वर्गात आजवर कुणी बोललेलं नाही. मुलगी पापणी न हलवता माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले. "फारच कच्चं आहे. अजून दोन-तीन वर्षं तरी शिकायला लागेल."

भाऊ आईकडे वळला. मग म्हणाला, "मॅडमच म्हणत्यात म्हणल्यावर... सुपारीचं थांबवू मग. पाव्हण्यांना म्या सांगतो."

मुलीने मान खाली घातली. तिच्या मागे, दाराआड, एक पदर डोळ्यांकडे गेला. त्या बाईला इंग्रजीचा गंधही नव्हता.