अक्कांचा नारळ

अक्का कुणाच्याही घरी रिकाम्या हातानं जात नसत. दातांच्या डॉक्टरकडे दाढ काढायला गेल्या तरी पिशवीत चार पेरू असायचे. डॉक्टर म्हणाले, "माताजी, फीस तो आपने दे दी." अक्का म्हणाल्या, "वो दाढ का था. ये आपका है."

मुलांनो, अक्का म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण. कऱ्हाडला शाळेत शिकवत. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे जयपूरच्या रेल्वे कॉलनीत आल्या आणि राहिल्या. तुमची आई मीनल त्यांना आत्या म्हणे आणि माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐके.

त्यांची ठरलेली भेट म्हणजे नारळ. मारुतीच्या देवळाबाहेरच्या भैयाकडून त्या एकेक नारळ उचलून कानाशी धरत आणि हलवत. भैया वैतागे. "अम्माजी, सब एक जैसे हैं." अक्का पुढचा उचलत. "हलवल्याशिवाय नारळ कळत नाही," त्या मला सांगत, "आणि माणूसही."

दुसरा नियम पहिल्याहून कडक होता. दिलेली वस्तू परत घ्यायची नाही. एकदा जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात तुमच्या आजोबांचा नवा कोरा स्वेटर चौकीदाराकडे गेला. संध्याकाळी चूक लक्षात आली. मी मागून आणायला निघाले, तर अक्का दारात उभ्या राहिल्या. "शैला, दिला तो दिला." तो सगळा हिवाळा तुमचे आजोबा ऑफिसला जाताना स्वतःच्या स्वेटरचा सलाम घेत बाहेर पडले.

अशात मीनलनं सांगितलं की तिला राजीवशी लग्न करायचं आहे. राजीव म्हणजे तुमचे बाबा. त्यांच्या वडिलांचा जयपूरजवळ सांगानेरला कापडछपाईचा कारखाना होता. मुलगा मला आणि आजोबांना पसंत होता. अक्कांना नव्हता. "जावई मराठी बोलणारा हवा," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी भांडू कुणाशी?" तिकडे राजीवच्या दादीही तयार नव्हत्या. शेवटी दोन्ही घरांनी ठरवलं की एकदा राजीवच्या घरी जेवायला भेटावं. फक्त जेवण, लग्नाचा विषय काढायचा नाही.

आता न्यायचं काय? मी इथली मिठाई, घेवर, सुचवला. अक्का म्हणाल्या, "जयपूरच्या माणसाला घेवर? विहिरीला घागरभर पाणी नेऊन दे." छापील चादर तर त्यांच्याच कारखान्यातली निघाली असती. मी फुलांचा गुच्छ म्हटलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. "फुलं देवाला, नाहीतर मेलेल्याला." काचेचा बाऊल मी दुकानात जाऊन पाहूनही आले. "पहिल्या भेटीत फुटणारी वस्तू नेऊ नये." शेवटी मी सुक्या मेव्याचा डबा घेतला आणि त्याला स्वतः रिबीन बांधली. या वेळी अक्कांनी खोड काढली नाही. त्यांच्या कापडी पिशवीकडे मी तेव्हाच बघायला हवं होतं.

दार राजीवनंच उघडलं आणि तो वाकून अक्कांच्या पाया पडला. तो सरळ होतो न होतो तोच अक्कांनी पिशवीतून नारळ काढून त्याच्या हातात ठेवला. कुंकूही लावून आणलं होतं.

राजीवची आई स्वयंपाकघराच्या दारात उभीच राहिली. राजीव तो नारळ कुणाचं तरी बाळ हातात दिल्यासारखा धरून होता. दिवाणावर बसलेल्या दादी हळूच म्हणाल्या, "बहनजी, हमारे यहाँ लड़की वाले लड़के के हाथ में नारियल दें, तो रिश्ता पक्का. लौटाएँ तो बेइज़्ज़ती. आपको पता नहीं था. आप खुद वापस ले लीजिए, हम बुरा नहीं मानेंगे."

अक्का आणि दादी, दोघींनाही हे लग्न नको होतं आणि दोघींना सुटायची वाट आयती मिळाली होती. मीनल खाली मान घालून चपलेचा पट्टा सोडत होती. तो केव्हाच सुटलेला होता. अक्कांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि राजीवच्या हातातला नारळ उचलला.

त्यांनी तो कानाशी धरला, हलवला, ऐकला आणि पुन्हा राजीवच्या हातात ठेवला.

"पानी है. अच्छा है," त्या म्हणाल्या. "मैं दिया हुआ वापस नहीं लेती."

दादी पदर सावरून पुढे सरकल्या. मग नातवावर डाफरल्या, "अरे, खड़ा क्या है? झोली में ले."

पुढची अडचण जेवणाची. दादी म्हणाल्या, आता तुम्ही मुलीकडचे झालात, मुलीकडची वडील माणसं तर आमच्या घरचं पाणीही पीत नाहीत. आतून तुपात बुडवलेल्या बाट्यांचा वास येत होता. अक्का म्हणाल्या, "वो शादी के बाद. आज भूख लगी है." दादी तोंडाला पदर लावून हसल्या. माझा डबा गाडीतच राहिला. पुढे दिवाळीपर्यंत तो आम्हीच खाल्ला.

परतताना अक्का मीनलला एवढंच म्हणाल्या, "त्याला मराठी शिकव. भांडणापुरतं तरी."

अनय, लग्नानंतर तुझे आईबाबा परदेशात गेले. तिथून तुला पहिल्यांदा भारतात आणलं तेव्हा आम्ही जयपूरमधल्याच दुर्गापुऱ्याला राहायला आलो होतो आणि अक्का अंथरुणावर होत्या. मीनल विमानतळावरून थेट त्यांच्या खोलीत गेली. "रिकाम्या हातानं आलीस?" अक्कांनी विचारलं. तिनं तुला त्यांच्या कुशीत ठेवलं. त्यांनी कान तुझ्याजवळ नेला आणि तुला हळूच हलवलं. तू भोकाड पसरलंस. "चांगला आहे," त्या म्हणाल्या.

तुम्ही परत गेलात. तिकडे विमानतळावर तुझ्या दुपट्यांच्या पिशवीत नारळ निघाला. तो कुणी आणि केव्हा ठेवला, हे सांगायला नको. कस्टमच्या माणसानं तो काढून ठेवून घेतला. मीनलनं रडत फोन केला, आत्याला सांगू नकोस म्हणाली. पण अक्का बाजूलाच होत्या. त्यांच्यापासून काही लपत नसे, म्हणून मी सांगून टाकलं.

पुढच्या महिन्यात अक्का गेल्या. फोन आला त्या दिवशी मात्र उशीला टेकून त्यांनी नीट चौकशी केली.

"ठेवून घेतला? परत नाही ना केला?"

"नाही, अक्का."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून पडल्या. "आता तेही आपले सोयरे. पोरांकडे बघायला तिथे आपली माणसं झाली."