रक्तातला आकडा आणि पेंडीचा काटा

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझी प्रॅक्टिकल परीक्षा नुकतीच संपली होती. बॅगेतून फोन काढला, तर आईचे कितीतरी मिस्ड कॉल. परत लावला. आई एवढंच म्हणाली, "ये बाई... आक्का गेली." मी कॉलेजच्या जिन्यातच बसले. फोन हातात होता आणि थोड्या वेळाने तो पुन्हा थरथरला. या वेळी लॅबचा मेसेज होता. सकाळी हॉस्पिटलमध्ये आक्काचं रक्त घेतलं होतं, त्याचा रिपोर्ट तयार झाला होता. आक्काचं नाव, आणि खाली उघडायला एक लिंक. त्या गोष्टीला आता काही आठवडे झाले. ती लिंक मी अजून उघडलेली नाही.

आक्का म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. कळंब्यात आमची घरं एकमेकांना लागून, आणि तिच्या घरामागे तिचा म्हशींचा गोठा. नवरा लवकर गेला, एकुलती एक मुलगी कागलला दिलेली. म्हशींवर तिनं घर चालवलं. आवाज असा, की ती गोठ्यात म्हशीशी बोलायला लागली की आम्हाला आमच्या स्वयंपाकघरात वाटायचं, आपल्यालाच बोलतेय. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारखी तीही स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची. घराण्यात कॉलेजला जाणारी मी पहिली. मी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, तेव्हा दूध संस्थेच्या रांगेत ती सगळ्यांना सांगत सुटली होती, "आमची पोरगी शायन्स शिकत्या." मला फार लाजल्यासारखं व्हायचं. मला येत काय होतं! पण त्या दिवसापासून घरातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याकडे यायला लागला.

आक्काला हृदयाचा झटका आला त्या सकाळी तिची एक म्हैस चारा खात नव्हती, म्हणून जनावरांचे डॉक्टर आले होते. आक्का म्हशीचं एक शिंग धरून उभी, घामानं चिंब, एका हातानं आपला जबडा चोळत होती. डॉक्टरांनी म्हशीला तपासलं आणि म्हणाले, "आक्का, म्हस ठणठणीत हाय. गाडीत तुम्ही बसा." आक्का म्हणाली, "मला काय धाड भरल्या? पित्त झालंय." पण त्यांनी तिला आपल्याच गाडीतून शाहूपुरीतल्या हॉस्पिटलमध्ये नेऊन पोहोचवलं. पुढं ती ज्याला त्याला सांगायची, "मला जनावराच्या डॉक्टरनं वाचवलं."

हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा रक्तातलं ट्रोपोनिन बघितलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. मग बंद पडलेल्या रक्तवाहिनीत स्टेंट घातला... आमच्याकडं सगळे त्याला स्प्रिंग म्हणतात. घरी सोडायच्या आधी डॉक्टरांनी आणखी एक रक्ताची तपासणी करायला सांगितली. तिचं नाव लांबलचक होतं, एनटी-प्रोबीएनपी. मी भीत भीत विचारलं, तर त्यांनी नीट समजावून सांगितलं. झटक्यात हृदयाचा काही भाग कमजोर होतो. उरलेल्या भागावर ताण पडतो, तो ताणला जातो आणि रक्तात हा पदार्थ सोडतो. तो जितका जास्त, तितका पुढच्या काळात हृदय हळूहळू कमी पडायला लागण्याचा धोका जास्त. "पण एकट्या आकड्यावर जायचं नाही," ते म्हणाले. "दम लागतो का, पायाला सूज आहे का, वजन अचानक वाढतं का, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी काय सांगते, हे सगळं मिळून बघायचं." आक्काचा आकडा बराच जास्त होता. मी तो कागद घडी घालून ओढणीत धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर आक्काचा पहिला प्रश्न होता, "किती लागली?"

हा प्रश्न कुठून आला ते सांगायला हवं. संस्थेत दूध घालायला गेलं की आधी नमुना मशीनमध्ये जातो, लाल आकडे वर चढत जातात आणि एका ठिकाणी थांबतात. ती दुधाची फॅट. त्यावर दुधाचा दर. रांगेतला प्रत्येक जण मान उंच करून तेच बघत असतो, आणि घरी आल्यावर घरचे तेच विचारतात, किती लागली? जास्त लागली की चहासुद्धा गोड लागतो. आक्काच्या म्हशीची फॅट गल्लीत सगळ्यांत जास्त, हा तिचा मोठा तोरा होता. मी आकडा सांगितला. तिनं मान डोलावली, आणि दोन दिवसांनी आईबरोबर संस्थेत गेली तेव्हा रांगेत सांगितलं, "माझी लई चांगली लागल्या. डॉक्टरबी बघतच राहिला."

मला काय करावं कळेना. खरं सांगितलं तर ती घाबरेल. न सांगितलं तर ती मीठ सोडणार नाही, गोळ्या टाळणार. संध्याकाळी ती धार काढत होती, तिथं जाऊन बसले. म्हटलं, "आक्का, हितं उलटं असतंय. रक्तात जास्त लागली की वाईट." तिचे हात थांबले. म्हशीनं मागं वळून बघितलं. आक्का म्हणाली, "म्हंजे मी गावभर सांगून आलो, त्ये सगळं वाया?" मी हसले, पण ती हसली नाही. मग हळूच म्हणाली, "पोरी, कमी कराय येतंय न्हवं?" मी म्हटलं, येतंय. मला खात्री नव्हती... पण डॉक्टरांनी गोळ्यांनी बऱ्याच जणांचा आकडा उतरतो असं सांगितलं होतं.

रोज सकाळी वजन करायचं होतं. एक-दोन दिवसांत एकदम वाढलं, तर अंगात पाणी साठतंय समजून लगेच फोन करायचा. आमच्याकडं वजनकाटा कुठला? आक्कानं मार्ग काढला. दूध घालून झालं की ती संस्थेत पेंडीची पोती जोखायच्या काट्यावर उभी राहायची. पायातली चप्पल काढायची, कमरेच्या किल्ल्या काढून संस्थेच्या सचिवांच्या टेबलावर ठेवायची. सचिव मोठ्यानं वजन वाचायचे. "आक्का, पोत्यापेक्षा जास्त भरलासा!" "तुमच्या पोत्यात निम्मी माती असत्या," आक्का म्हणायची, "माझ्यात नुसती पेंड हाय." सगळी रांग हसायची. मी मात्र आकडा कालच्याच जवळ आहे ना, एवढंच बघत असायची. पुढच्या तपासणीत रक्तातला आकडा निम्म्याहून खाली आला. डॉक्टर खूश झाले. आक्का बाहेर येऊन म्हणाली, "जल्मात पैल्यांदा कमी लागली म्हणून आनंद झाला बघ." त्या दिवशी मला पहिल्यांदा पोटभर जेवण गेलं.

मग कागलला नातवाचं बारसं निघालं. आक्का एसटीनं गेली आणि लेकीच्या आग्रहानं राहिली. तिला सकाळी लघवी होण्याची एक गोळी होती, अंगातलं पाणी काढणारी. रांगेत गावाला ऐकू जाईल असं बोलणारी माझी मावशी या एका गोष्टीला फार लाजायची. एसटीत कुठं उतरायचं, आणि पावण्यांच्या घरात, व्याह्यांच्या समोरून सारखं मोरीकडं कसं जायचं... तिनं ती गोळी बंद केली. बाकीच्या गोळ्या अगदी वेळेवर घेत होती, म्हणून लेकीलाही काही कळलं नाही. मी रोज फोनवर विचारायची, "गोळ्या घेतल्यास का?" ती म्हणायची, "व्हय की." आणि तिथं ज्याच्यावर चढावं असा ओळखीचा काटा नव्हता.

परत आली ती चप्पल पिशवीत घालून. पाय चपलेत जात नव्हते. संस्थेत काट्यावर चढली आणि या वेळी सचिवांनी मोठ्यानं वाचलं नाही. त्यांनी मला फोन केला, "पोरी, लगेच ये. थट्टा न्हाय." हॉस्पिटलला जाताना रिक्षात मी विचारलं, तेव्हा तिनं रिक्षाबाहेर बघत सगळं सांगितलं. "आता रागवू नगंस," ती म्हणाली, "बाईमाणसानं करायचं तरी काय गं?" मी तिची चपलांची पिशवी माझ्या मांडीवर घेतली. डॉक्टर रागावले नाहीत. पुष्कळ बायका हेच करतात, म्हणाले, आम्हीच आधी विचारायला हवं.

छातीत पाणी भरलं होतं. दोन दिवसांत थोडं उतरलं, ती उशीला टेकून बोलायला लागली. परीक्षेच्या सकाळी मी जायला तयार नव्हते. नर्स रक्त घेत होती. आक्का म्हणाली, "जा. तू हितं बसून माझं रगात का घट्ट हुणार हाय?" मी दारापर्यंत गेले तेव्हा तिनं मागून हाक मारली. "आन् आल्यावर सांग, किती लागली..."

दुपारच्या आत सगळं संपलं होतं.

आक्काच्या म्हशी आता आई बघते. संस्थेत खातं अजून आक्काच्याच नावावर आहे. परवा मी आईबरोबर गेले होते. सचिवांनी सवयीनं आक्काचं नाव पुकारलं, मग आईला पुढं व्हायची खूण केली. नमुना मशीनमध्ये गेला. लाल आकडे चढायला लागले. रांगेतल्या माना उंच झाल्या, कुणीतरी म्हणालं, "आरं, चढत्याच की!" मला माहीत होतं, हे दूध आहे, चढू दे, चांगलं आहे. तरी मी मनात म्हणत होते, थांब... आता थांब. आकडा थांबला. "आक्काची म्हस," सचिव म्हणाले, "आजबी सगळ्यांत जास्त." आई त्या दिवसानंतर पहिल्यांदा जराशी हसली.

निघताना मी आईचा हात धरला, आणि पेंडीच्या काट्यापाशी थांबवून म्हटलं, "आई, चप्पल काढ."