कमरेवरचा हात

डॉ. कुमुद रामटेके गोठ्यात शिरल्या की मालकाकडे पाहत नसत. आधी गाईच्या कमरेवर तळवा ठेवत, हाडांवर चरबी किती आहे ते चाचपत आणि मग नमस्कार करत. रायपुरात त्यांनी पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवलं. वाढीचं हार्मोन जनावराच्या चरबीचं काय करतं, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. "नाव वाढीचं," त्या म्हणत, "पण गाय व्याली की ते वाढवत नाही. चरबी सोडवते अन् दुधाकडे पाठवते."

सिलतऱ्याच्या रस्त्याला शोभाताई माझ्या शेजारी. त्यांची गौरी पहिलटकरीण. माहेरी आलेल्या लेकीसारखे तिचे लाड झाले. सरकीची ढेप, गूळपोळी, अगदी डोहाळजेवणसुद्धा. गाय गोल झाली. व्याल्यावर मात्र तिनं खाणं सोडलं आणि भराभर वाळू लागली. घरात दुभतं जनावर तेवढंच. घाबरलेल्या शोभाताई तिला तुपाचे लाडू भरवू लागल्या.

बोलावल्यावर आलेल्या डॉक्टरांनी कमर चाचपली, गाईचा श्वास हुंगला.

"तूप काहून देऊन राहिली?"

"बाळंतीण आहे ना जी."

"अगं, तिचीच चरबी सुटून लिव्हरात साचून राहिली. लिव्हरले ती पेलत नाही, अन् तू वरून तूप!"

शोभाताईंची मुलगी मध्येच म्हणाली, "तो मैडम, ग्रोथवाला इंजेक्शन लगा दो ना."

"तेच तर तिच्या अंगात उतू जाऊन राहिलं, पोट्टे!"

"जगते ना जी?" शोभाताईंनी विचारलं.

"आज नाही सांगत."

त्या रोज सकाळी येत, कमरेवर हात ठेवत आणि शिरेतून ग्लुकोज सोडत. एका सकाळी गौरीनं चाऱ्याला तोंड लावलं. डॉक्टर तिचं खाणं बघत गोठ्यातच बसून राहिल्या.

पुढं डॉक्टरांना कर्करोग झाला. शोभाताई समता कॉलनीतल्या त्यांच्या घरी तुपाच्या लाडवांचा डबा घेऊन गेल्या. खाटेवरचं वाळलेलं शरीर पाहून त्यांना डबा उघडवेना.

"उघड," डॉक्टर म्हणाल्या. "मले चालते लाडू. मी काही व्याली नाही."

अर्धाच लाडू त्यांना खाता आला.

त्या गेल्याचं सांगायला मी शोभाताईंच्या गोठ्यात गेलो. गौरी पुन्हा गाभण होती. शोभाताईंनी ऐकलं. त्यांनी गाईच्या कमरेवर तळवा ठेवून हाडांवरची चरबी चाचपली. मग त्यांनी पुढ्यातल्या टोपलीतली निम्मी ढेप काढून घेतली.