पुढं केलेलं दार

निवृत्त होऊन आता बरेच दिवस झाले, पण ती तक्रार काही डोक्यातून गेलेली नाही. खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं आणि त्यातलं बरंचसं विसरलोही. या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नव्हता की कुणाचं कुलूप तुटलं नव्हतं. दुसऱ्या एखाद्या ठाण्यात कदाचित त्याची साधी अदखलपात्र नोंद होऊन काम मिटलं असतं.

शेवटच्या पोस्टिंगला माझ्याकडं परभणीचं सायबर ठाणं आलं. दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं, म्हणून ते आलं. मला संगणकात फारशी गती नाही. पण समोरचा माणूस खरं बोलतोय की अर्धंच, हे ओळखायला संगणक लागत नाही, अशी माझी समजूत होती आणि ती आजही आहे.

एक दिवस चारठाण्याकडची एक मुलगी वडिलांना घेऊन ठाण्यात आली. म्हणायला वडील तिला घेऊन आले होते, पण पुढं तीच चालत होती. कृषी पदवीधर, नोकरीला लागलेली. वडिलांचं गावात किराणा दुकान. सोनपेठकडच्या एका घरात तिचं लग्न जमलं होतं आणि सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात मुलाकडच्यांना निनावी फोन गेला. पोरीला फिट येते, बाप लपवून द्यायलाय, असं सांगून, दोन्हीकडची नावं-गावं बरोबर घेऊन त्यानं फोन ठेवला. मुलाकडच्यांनी सोयरीक मोडली नव्हती, पण डॉक्टरचा दाखला मागितला होता. आमच्याकडं असा दाखला मागणं म्हणजे निम्मी सोयरीक मोडल्यासारखीच. आणि या कारणानं एक सोयरीक मोडली की दुसऱ्या घरी तेच आधी कानावर जातं.

वडील म्हणाले, "साहेब, फिर्याद नको. लय बेइज्जती होईल. तुमी फक्त त्या माणसाला दम द्या."

"कोणत्या माणसाला, बाबा?" मुलगीच बोलली. "तो सापडला तर दम देतील ना. साहेब, आमी ही सोयरीक भावकीतबी सांगितली नव्हती. फोन करणाऱ्याला मुलाचं नाव, गाव, माझ्या आजोळचं गाव, समदं ठाऊक होतं. एवढं फक्त मंडळाच्या कॉम्प्युटरात हाय."

मंडळ म्हणजे त्यांच्या समाजाचं वधू-वर सूचक मंडळ. त्यांची वेबसाइट होती. फोटो, शिक्षण, उंची असं सभासदांना दिसायचं. पण कुणाचं कुणाशी जुळतंय, बोलणी कुठवर आली, हे सुपारी फुटेपर्यंत फक्त मंडळाच्या कार्यालयाला दिसायचं. मुलीनं नेमकं बोट ठेवलं होतं. मी फिर्याद लिहून घेतली.

फोनचा माग लवकरच संपला. सिमकार्ड एका मयत माणसाच्या नावावर निघालं, ते कुठं गेलं हे त्याच्या घरच्यांना ठाऊक नव्हतं. टॉवरचं ठिकाण परभणीचं बसस्थानक, म्हणजे दिवसभर अख्खा जिल्हा जिथून ये-जा करतो ती जागा. पण त्या नंबरावरून आणखी दोन घरांना फोन गेल्याचं कळलं. दोन्ही घरं याच समाजातली, दोन्हीकडं ठरलेली लग्नं मोडलेली. त्या मुलींच्या बापांनी तक्रार केली नव्हती. ते गप्प बसले होते, त्यामुळं फोन करणाऱ्याचं फावलं होतं.

मी मंडळाच्या सचिवांना बोलावलं. कापडाचे व्यापारी, शब्दाला वजन असलेले गृहस्थ. त्यांनी निकाल आधीच लावून ठेवला होता. "साहेब, हे हॅकरचं काम हाय. बाहेरदेशातून करतेत."

मी म्हटलं, "बाहेरदेशातला हॅकर चारठाण्याच्या मुलीचं लग्न मोडून काय मिळवणार?"

त्यावर ते चष्मा पुसत बसले. माझा अनुभव असा आहे की चोरी घरात झाली की घरचे पहिल्यांदा रस्त्याकडं बोट दाखवतात. बोट जितकं लांब, तितका चोर जवळ.

आमच्या ठाण्यात एक महिला हवालदार होत्या. सायबरचं प्रशिक्षण पक्कं, तोंड फटकळ. त्या म्हणाल्या, "सर, आधी सर्व्हरचे पोर्ट बघू. कुठले उघडे आहेत ते कळलं की आत कुठून गेले ते कळेल." मला पोर्ट म्हणजे बंदर एवढंच माहीत, आणि परभणीला समुद्र नाही. त्यांनी समजावलं ते असं. वेबसाइट ज्या यंत्रावर चालते तो सर्व्हर. त्याला हजारो दारं असतात, प्रत्येक दाराला नंबर. वेबसाइट लोकांना दिसायला त्यातली दोन दारं उघडी लागतात. बाकीची ज्याच्या कामाची असतील त्याच्यापुरतीच उघडायची, नाहीतर बंद. आपण प्रत्येक दारावर टकटक करायची. आतून उत्तर आलं तर दार उघडं.

दुसऱ्याच्या सर्व्हरवर परवानगीवाचून अशी टकटक करणं हा स्वतःच गुन्हा होऊ शकतो. म्हणून सचिवांची लेखी संमती घेतली, दोन पंच बोलावले आणि पंचनामा सुरू केला. पंचांपैकी एक कृषी खात्यातले लिपिक होते. ते पडद्याकडं बघून म्हणाले, "दार कुठं हाय ते दावा की. मी न बघता सही कशी करू?" बाईंनी त्यांना नंबर आणि त्यापुढचा शब्द दाखवला, त्याचा अर्थ सांगितला, दोनदा टकटक करून दाखवली. माणूस रास्त बोलत होता. न बघता सही करणाऱ्या पंचांनी माझे कितीतरी खटले कोर्टात पाडले आहेत.

पंचनामा लिहिणारा आमचा जमादार जुना. उभी हयात मरणोत्तर पंचनामे लिहिण्यात गेली. त्यानं सवयीनं लिहिलं, "सदर सर्व्हरचे पोट उघडे आढळून आले." बाईंनी कागद माझ्यापुढं सरकवला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी पुन्हा लिहायला लावलं.

पहिल्या खेपेला नेहमीच्या वापरातल्या नंबरांवर टकटक झाली. वेबसाइटची दोन दारं उघडी, बाकी सगळं बंद. सचिवांचा चेहरा खुलला. बाई म्हणाल्या, "हे फक्त नेहमीचे नंबर झाले. आता सगळे बघते." याला वेळ लागला. चहा झाला, पंचांचं पावसापाण्यावर बोलून झालं, आणि मग यादीच्या पार तळाशी, कुणी सहसा वापरत नाही अशा नंबरावरून उत्तर आलं. त्या दारातून थेट सर्व्हरच्या आत बसता येत होतं, मंडळाच्या कार्यालयात खुर्ची टाकून बसावं तसं. नाव आणि पासवर्ड मात्र लागत होता.

सचिव म्हणाले, "हे तर आमच्या पोरानं बंद केलं म्हणून सांगितलं होतं."

त्यांचा पोरगा म्हणजे सर्व्हर सांभाळणारा तंत्रज्ञ. परभणीतच त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. सरळ वळणाचा, लग्न झालेला, कपाळाला भस्म. मी त्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्यानं खाली मान घालून सांगितलं, "ते दार मी कवाच बंद केलंय, साहेब."

मी पडदा त्याच्याकडं वळवला. त्यानं नंबर बघितला. मग म्हणाला, "म्हंजे अगदी बंद न्हाई. पुढं केलं होतं."

बाई लिहीत होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे बंदच ना?" त्या शहरात वाढलेल्या. मी झरीच्या बाजूचा. आमच्या गावात दार बंद करणं वेगळं आणि पुढं करणं वेगळं. रात्री झोपताना कडी लावतात. दिवसा शेजारी पीठ आणायला गेलेली बाई दार नुसतं पुढं करून जाते. रस्त्यावरच्याला ते बंद दिसतं आणि घरच्याला ढकललं की उघडतं. दार पुढं करणाऱ्याच्या मनात कुणीतरी यायचं असतंच.

मी आवाज न चढवता एवढंच विचारलं, "कोण यायचं होतं?"

त्यानं पाणी मागितलं. पेला रिकामा झाला तरी हातातच धरून बसला. मी घाई केली नाही. कबुलीजबाबाच्या आधी माणूस आतल्या आत कुणाची तरी माफी मागत असतो, त्याला तेवढा वेळ द्यावा.

"अण्णा," तो म्हणाला. "मंडळाचे जुने सदस्य. कमिटीनं बाहेरून येण्याचं दार बंद करा म्हणून ठराव केला. अण्णा म्हणाले, मला घरून नवीन स्थळं बघायची असतेत, माझं तेवढं ऱ्हाऊ दे. मग मी दार मागच्या नंबरावर नेलं. तिकडं कोण बघायलंय, असं वाटलं. साहेब, माझी सोयरीक अण्णांनीच जुळवली. आमच्या घरी स्थळं येत नव्हती तवा ते सायकलवर पाच गावं हिंडले. त्यांना कडी लावून भाईर कसं ठेवू?"

त्याचं म्हणणं जबाबात जसंच्या तसं घेतलं. सर्व्हरच्या नोंदी ताब्यात घेतल्या. तिन्ही घरांना फोन जाण्याच्या आधी त्या दारातून कुणीतरी आत आलं होतं, आणि ते प्रत्येक वेळी अण्णांच्या घरच्या इंटरनेटवरून. घरझडतीत देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात साधा मोबाइल आणि ते सिमकार्ड मिळालं. सिम त्यांच्या मयत चुलतभावाचं. शिक्षेच्या मानानं अटकेची गरज नव्हती. नोटीस बजावून चौकशीला बोलावलं.

अण्णा आले तेव्हा आमचा जमादार खुर्चीवरून उठून उभा राहिला. त्याच्या बहिणीचं लग्न अण्णांनी जमवलेलं. मी जमादाराला बाहेरच्या कामाला लावलं. पांढरा स्वच्छ सदरा, टोपी, सत्तरी ओलांडलेलं वय. बसल्या बसल्या त्यांनी माझं आडनाव, गाव, आजोळ विचारून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, तुमाला मुलगी असंल की लग्नाची."

मला हसू आलं आणि त्याच वेळी राग आला. या माणसाच्या तोंडून माझ्या मुलीचा विषय मला नको होता. मी मोबाइल टेबलावर ठेवला.

त्यांनी तो हातानं बाजूला सरकवला. मग म्हणाले, "चाळीस वर्सं या समाजात माझ्याबिगर सुपारी फुटली न्हाई. कुणाच्या घरात काय दुखणं हाय, कुणाचा पोरगा पितो, समदं ह्या डोस्क्यात. कधी चहाशिवाय काही घेतलं न्हाई. आता ते मशीन गुण जुळवायलंय. जुळवू द्या. पण जुळल्यावर येऊन सांगायचं तरी? मांडवात मागल्या रांगेत बसवायलेत मला."

"आणि मुलीला फिट येते हे कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाई. पोरगी गुणाची हाय. मी तिच्यासाठी झरीचं स्थळ मनात धरलं होतं. ही सोयरीक मोडली असती तर मीच जुळवून दिलं असतं तिचं."

ते हे अगदी मनापासून सांगत होते. आयुष्यभर मी निगरगट्ट गुन्हेगार पाहिले, त्यांच्याशी बोलणं सोपं असतं. ज्या मुलीच्या अंगाला आपण खोटं दुखणं चिकटवलं तिचंच भलं करणार होतो असं मानणाऱ्या माणसाशी तसं बोलता येत नाही. मी जबाब वाचून दाखवला. त्यांनी प्रत्येक पानावर नीट सही केली.

आवाज ओळखण्यासाठी आणि पुरवणी जबाबासाठी मुलाच्या वडिलांना बोलावलं. मुलगा त्यांच्यासोबत आला होता. मुलगी आणि तिचे वडीलही त्याच दिवशी ठाण्यात होते. मी दोन्ही घरांना समोर बसवून घडलं ते सगळं सांगितलं. फोन खोटा होता, करणारा सापडला, त्यानं कबूल केलं. माझ्या मते विषय तिथं संपायला हवा होता.

मुलाचे वडील म्हणाले, "समदं पटलं, साहेब. आमचा काई आक्षेप न्हाई. पण चार लोकांत बोलणं झालंय. तेवढा दाखला आणला तर आमी बी मोकळे."

मुलीच्या वडिलांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता हे कबूल करतील आणि मुलगी गप्प बसेल. या भिडेपोटीच तर आमच्याकडं सगळं होतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. तंत्रज्ञानं भिडेपोटी दार उघडं ठेवलं, दोन बाप भिडेपोटी गप्प बसले, सचिवांनी भिडेपोटी अण्णांवर संशय घेतला नाही. सर्व्हरचं दार बाईंनी सचिवांसमोर मिनिटभरात बंद करवून घेतलं होतं. भिडेचं काय करायचं, त्याचं कलम माझ्या पुस्तकात नव्हतं.

मुलगी शांतपणे म्हणाली, "आणते, मामा. परभणीत डॉक्टर हाय. पण तुमच्या मुलाचा बी आणा. मंग दोन्ही दाखले संगं बघू."

वडिलांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी कागद चाळत असल्याचं दाखवलं. पोलिसानं तोंड घालायची ती जागा नव्हती. मुलाचे वडील काहीतरी बोलायला लागले, तोच मुलानं, जो आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता, मुलीला विचारलं, "कोणता डॉक्टर म्हणलात? आज भेटंल का? संगंच जाऊन येऊ."

दोघं उठले. बाहेर जमादारानं त्यांना दवाखान्याचा रस्ता सांगितला. दोन्ही बाप माझ्यासमोर बसून राहिले, मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर पोर्टचं मी सांगत नाही, ते बाईंनी शिकवलं. मला शिकवलं त्या दोघांनी. आमच्या भागात खोटं फार जोरावर चालत नाही, दुसऱ्याला तोंडावर नाही म्हणायचा संकोच असतो, त्यावर चालतं. दोषारोपपत्र पुढं कोर्टात गेलं आणि त्याची तारीख अजून पडते. मी साक्षीला जातो. माझ्यापुरता निकाल मात्र ती दोघं ठाण्याच्या पायऱ्या उतरून गेली तेव्हाच लागला होता.