ह्याला जरा इस्त्री करा

"ह्याला जरा इस्त्री करा की, भाऊ," असं म्हणून मावशी जिभेला बोट लावायच्या आणि ते ओलं बोट थेट माझ्या कॉम्प्युटरच्या काचेवर टेकवायच्या. इस्त्री तापली की नाही हे बघायची त्यांची ती सवय. इस्त्री चर्र वाजते, काच कुठली वाजणार? नुसता डाग पडायचा. मी फडक्यानं पुसायचो आणि मनातल्या मनात चरफडायचो.

द्वारकेच्या चौकातून आत वळलं की आमची गाळ्यांची रांग. माझा गाळा फ्लेक्सचा. भाऊ-दादांचे वाढदिवस, दहावीचं घवघवीत यश, 'गाळा भाड्याने देणे आहे' आणि भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनमधून निघतं. शेजारच्या पत्र्याच्या टपरीत मावशींची कोळशाची इस्त्री. अशी बाई तुमच्याही गल्लीच्या तोंडाशी असणारच. सगळी गल्ली तिला मावशी म्हणते, आपणही म्हणतो.

चुरगळलेलं काही म्हणून त्यांना बघवायचं नाही. एकदा देवळाली कॅम्पाची बस शोधत एक गृहस्थ त्यांच्या टपरीसमोर थांबले. मावशींनी त्यांच्या शर्टाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काढा तो." ते बिचारे कुठल्याशा कार्यक्रमाला निघालेले. पण मावशींच्या आवाजापुढे त्यांचं काही चाललं नाही. शर्ट होईस्तोवर ते बनियनवर माझ्या दुकानात बसले होते आणि माझी गिऱ्हाइकं त्यांनाच मालक समजून भाव विचारत होती.

तर एके दिवशी या मावशी माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून आल्या. "नातीचा बर्थडे हाय. बोर्ड लावायचाय. अक्षर मजेशीर पाहिजे, लहान पोरांचं असतं तसं."

म्हटलं, यात काय अवघड! ओवी हे नातीचं नाव टाइप केलं आणि मजेशीर अक्षरं एकेक दाखवायला लागलो. इंग्रजीत अशी अक्षरं ढिगानं मिळतात, मराठीत मोजकीच, पण होती नव्हती ती सगळी काढली. पहिलं फुग्यासारखं गुबगुबीत. मावशी म्हणाल्या, "ह्याला गालगुंड झालंय." दुसरं वितळत्या आइस्क्रीमसारखं ओघळणारं. "हे अजून वाळलं नाय." तिसरं उड्या मारणारं, एक अक्षर वर, एक खाली, वेलांटीला शेपटीसारखा पीळ. ते पाहून मात्र त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अगं बाई, हे तर पिऊन आलंय!"

"हे करू मग?"

"करा. पण ह्याला जरा इस्त्री करा."

मी अक्षरं एका रेषेत आणली, शेपटी सरळ केली. मावशी बघत राहिल्या. "आता मजा गेली," म्हणाल्या.

"मावशी, तुम्हाला मजेशीर पाहिजे की सरळ?"

"दोन्ही."

आता सांगा, माणसानं करायचं काय? मग हे रोजचंच झालं. कपड्यांची एक चळत संपली की मावशी हजर. "दाखवा की ते पिलेलं." मी दाखवायचो, त्या हसायच्या, मग गंभीर व्हायच्या आणि "नको, दुसरं काढा" म्हणायच्या. एकदा त्या अक्षराकडे बघत म्हणाल्या, "माझं नाव लिवायचं असतं ना, तर हेच घेतलं असतं. पण मला कोण बोर्ड लावतंय!" मला तर काही कळेनासं झालं. आवडतंय तेच नको म्हणतात, नको तेच पुन्हा बघतात. बायको म्हणाली, तुमचीच काहीतरी चूक होत असेल. घरचा आहेर तो.

एका दुपारी मावशी ओवीलाच घेऊन आल्या. काडीसारखी पोर, दोन वेण्या, हातात आजीचा पदर घट्ट धरलेला. मावशींनी मला उड्या मारणारं अक्षर लावायला सांगितलं आणि तिला पुढं केलं. "वाच बरं, काय लिवलंय?"

ओवीनं नीट पाहिलं. "मांजर," ती म्हणाली.

शेपटी होतीच तशी! मला हसू आलं. मावशींना आलं नाही. मी गुबगुबीत अक्षर लावलं. "फुगा." ओघळणारं लावलं. "पाऊस." मावशींचा चेहरा उतरत गेला. ओवीला बाहेर टपरीतल्या बाकावर बसवून त्या परत आल्या आणि तेव्हा कुठं खरं काय ते बाहेर पडलं.

शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की, हिला अक्षरं ओळखता येत नाहीत, पुढच्या वर्गात नको पाठवायला. गल्लीतली पोरं तिला 'ढ' म्हणून चिडवायची. मावशींनी ते ऐकलं आणि रागाच्या भरात नळावर सगळ्या बायांसमोर सांगून टाकलं, "वाढदिवसाला माझी ओवी बोर्डावरचं नाव सोता वाचंल, मगच केक कापंल!"

"आता सांगून बसले," मावशी म्हणाल्या. "मला सोताला वाचता येत नाय, मी तिला काय शिकवणार? सरळ अक्षर असलं तर दोनचारदा वळखलंय तिनं. वाकडं झालं की घाबरती. पण बर्थडेला साधं अक्षर लावलं तर पोरं म्हणतील, हिच्यासाठी साधं लावलं."

"आणि नाहीच वाचता आलं तर?"

"तर पोर पुन्यांदा तोंड उघडायची नाय, भाऊ."

इतके दिवस मी या बाईला लहरी समजत होतो. ओवीला पुन्हा आत बोलावलं आणि सरळही दिसेल आणि मजेशीरही वाटेल असं काही सापडतंय का ते धुंडाळायला लागलो. त्या घाईत सकाळची एक फाइल चुकून समोर उघडली. कुणा अण्णांची होती. ठसठशीत, काळंभोर, शिस्तीत उभं अक्षर: भावपूर्ण श्रद्धांजली. मी ती बंद करणार, एवढ्यात ओवीनं 'भावपूर्ण'मधल्या 'व'वर बोट ठेवलं.

"हा माझ्या नावातला आहे."

"हेच!" मावशी ओरडल्या. "हेच पाहिजे!"

"अहो मावशी, हे मयताचं अक्षर आहे!"

"अक्षर कुठं मयताचं असतंय? इस्त्री केल्यासारखं हाय बघा. हेच करा."

मी हरप्रकारे समजावलं. शेवटी त्याच अक्षरात ओवीचं नाव घेतलं. गुलाबी रंग दिला, भोवती फुगे सोडले, कोपऱ्यात ससा बसवला. तरी मला त्यात अण्णाच दिसत होते. बरोबर करतोय की वाढदिवसाची वाट लावतोय, छापून होईपर्यंत काही समजेना.

वाढदिवसाला मी गेलो. जाणं भागच होतं, जीव थाऱ्यावर नव्हता. टपरीमागच्या गल्लीत बोर्ड टांगला होता. लांबून एक म्हातारबाबा आले, बोर्डाकडे बघून त्यांनी टोपी काढली आणि हात जोडून हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"कोणी गेलं नाय, आलंय!" मावशी कडाडल्या. "सहा वर्षं झाली येऊन! टोपी घाला!"

मग ओवीला खुर्चीवर उभं केलं. पोरं पुढं सरकली. तिनं 'ओ'वर बोट ठेवलं आणि तशीच थांबली. फार वेळ थांबली. मावशींचे ओठ नुसतेच हलत होते, त्यांनाही कुठं येत होतं? मी देवाचा धावा करत होतो.

"ओ," ती म्हणाली. बोट पुढं सरकलं. "वी." आणि मग सगळ्यांकडे वळून, "ओवी! मीच!"

टाळ्या पडल्या. मावशींनी पदरानं डोळे पुसले. "कोळशाचा धूर लय," मला म्हणाल्या. कोळसा टपरीत, आम्ही गल्लीत. पण माझेही डोळे चुरचुरत होते, मी कशाला वाद घालू?

गेल्या थंडीत मावशी गेल्या. टपरीला कुलूप लागलं. दोन दिवसांनी त्यांचा मुलगा बोर्ड सांगायला आला. बरोबर ओवी, आता तिसरीत. "आईचं नाव काय लिहू?" असं विचारताना लक्षात आलं, इतक्या वर्षांत ते मला माहीतच नव्हतं. त्यानं सांगितलं. मी तेच ठसठशीत अक्षर लावलं.

"हे नको," ओवी म्हणाली. "आजीला ते पिलेलं आवडायचं."

"काहीतरीच काय! लोक काय म्हणतील?" तिचा बाप म्हणाला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. शहाणं कोण ते दोघांनाही कळेना. मग मी लावून तर बघितलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या खाली मावशींचं नाव उड्या मारायला लागलं. त्यांच्या मुलाला फस्सकन हसू फुटलं आणि हसता हसता तो स्टुलावर बसून ढसाढसा रडला.

ओवीनं आजीचं नाव मोठ्यानं वाचलं. आजोबांचं, आडनाव, सगळं. बोट कुठं लावलं नाही. पहिलं अक्षर मला जरा जास्तच कललेलं वाटलं, म्हणून सवयीनं मी ते सरळ करायला गेलो.

"काका," ती म्हणाली, "ह्याला इस्त्री नका करू हं."

नाही केली.