बॉयलरचा कोट आणि सात रेडिएटर

"ताई, तुमचा कोट तिसरा आलाय," असं म्हणून अनिरुद्धने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. कोट म्हणजे कोटेशन, कामाच्या खर्चाचा लेखी आकडा; आणि ते एकूण तीनच होते.

स्क्रीनवर एक्सेल शीट होतं. प्रत्येक कंपनीला एक रांग आणि रांगेच्या शेवटी रंग. नऊ हजार चारशे डॉलरवाली कंपनी हिरवी. साडेचौदा हजारवाली पिवळी. आमचे तेरा हजार आठशे, आणि आम्ही लाल. साडेचौदावाला आमच्याहून महाग असून वर कसा, असं मी विचारलं.

"पर थाउजंड बीटीयू कॅल्क्युलेट केलंय ना," तो म्हणाला. "त्यांचा बॉयलर अडीच लाखांचा आहे, तुमचा दोन लाखांचा. त्यांचे हजाराला अठ्ठावन्न पडतात, तुमचे एकोणसत्तर."

बीटीयू हे उष्णतेचं माप. बॉयलर तासाला किती गॅस जाळतो, हे त्यात सांगतात. अनिरुद्धने बॉयलरची किंमत इंडियन स्टोअरमधल्या तांदळाच्या पोत्यासारखी काढली होती. मोठं पोतं घेतलं की पाउंडाला स्वस्त पडतं, हे खरं आहे. फक्त खाणारी दोनच माणसं असली तर त्यात किडे होतात. हे मी त्याला तेव्हा बोलले नाही, कारण मी तिथे काम साइन करून घ्यायला गेले होते.

मी न्यू जर्सीतल्या एका हीटिंग कंपनीत एस्टिमेटर आहे. म्हणजे घर बघायचं, काम किती आणि खर्च किती ते लिहून द्यायचं. त्या वेळी मी ट्रायलवर होते. त्याआधी सहा वर्षं मी त्याच ऑफिसात गिऱ्हाइकांचे फोन घेत होते. आमच्या मालकाने, फ्रँकने, स्वच्छ सांगितलं होतं: तीन महिन्यांत चार कामं साइन करून आण, खुर्ची तुझी. नाही जमलं तर परत फोनवर. मला फोनवर परत जायचं नव्हतं. तीन कामं झाली होती आणि तीन आठवडे उरले होते.

अनिरुद्धचा कोट मुळात मी केलेलाच नव्हता. तो ग्रेगचा. ग्रेग आमचा सीनियर सेल्समन, पंधरा वर्षं याच कंपनीत. कोट पाठवून आठवडा झाला तरी उत्तर नाही, म्हणून फ्रँकने तो माझ्याकडे ढकलला. "तुझ्या भाषेचा माणूस आहे. जा, क्लोज करून ये." (फ्रँक अर्थातच इंग्रजीत बोलतो, मी मराठीत सांगते आहे.)

अनिरुद्ध आणि मृण्मयी पुण्याचे, दोघंही आयटीत. एडिसन शहराला खेटून मेटचन नावाचं जुनं गाव आहे, तिथे त्यांनी दोन वर्षांपूर्वी जवळपास शंभर वर्षांचं घर घेतलेलं. त्यांच्या मित्रांची घरं नवी. नव्या घरांत फर्नेस असतो, तो हवा गरम करून खोल्यांत फुंकतो. जुन्या घरात बेसमेंटमध्ये बॉयलर असतो. तो वाफ करतो, वाफ पाइपांतून वर चढते आणि खोल्यांतले ओतीव लोखंडाचे रेडिएटर तापवते. अनिरुद्धने व्हॉट्सअॅप ग्रुपवर "तुम्हाला किती पडले?" असं विचारलं होतं. उत्तरं सहा ते आठ हजारांची आली. सगळी फर्नेसवाल्यांची. तेव्हापासून त्याला प्रत्येक आकडा लूट वाटत होता.

त्याचा जुना बॉयलर खालून गळत होता. दिवसातून दोनदा बेसमेंटमध्ये जाऊन तो त्यात पाणी भरत होता. पुढच्या आठवड्यात कडाक्याची थंडी येणार होती. सोमवारी कुणाला तरी काम द्यायचंच, असं दोघांनी ठरवलं होतं.

"एकच सांगा," तो म्हणाला. "तुमचा कोट फेअर आहे की नाही?"

असं तोंडावर कुणी विचारत नाही. मी म्हटलं, आधी मला बेसमेंट बघू दे.

जुन्या बॉयलरवरची पाटी वाचली. दोन लाख बीटीयू. ग्रेगच्या कोटातही दोन लाख. नऊ हजारवाल्यानेही तेच लिहिलेलं. अडीच लाखवाल्याने 'थोडं सेफ' म्हणून पुढची साइज घेतली असणार. तिघांनी पाटीचा फोटो काढला होता. आमच्या धंद्यातली ही रूढ पद्धत आहे. जुनं जेवढं होतं तेवढंच नवं लिहायचं, वीस मिनिटांत बाहेर.

"यातलं कुणी वरती आलं होतं का? रेडिएटर मोजायला?" मी मृण्मयीला विचारलं.

"नाही. सगळे बेसमेंटमधूनच गेले."

वाफेच्या बॉयलरचं गणित सोपं आहे. घर किती मोठं, हे त्यात बघायचंच नाही. घरातले सगळे रेडिएटर मिळून जेवढी वाफ पितात, तेवढीच वाफ करणारा बॉयलर लागतो. रेडिएटरचं मापही स्क्वेअर फुटांत असतं. जमिनीचं नव्हे, लोखंडाच्या तापणाऱ्या अंगाचं. उंची घ्यायची, उभे सेक्शन मोजायचे, एका सेक्शनला किती ते तक्त्यात बघायचं आणि गुणायचं. शाळेतल्या मुलाला जमेल. पण त्यासाठी जिने चढावे लागतात.

मी टेप काढली. हॉलमध्ये दोन, जेवणाच्या खोलीत एक, वर झोपायच्या खोल्यांत तीन, बाथरूममध्ये छोटासा एक. एकूण सात. बेरीज दोनशे नव्वद स्क्वेअर फुटांच्या आसपास आली. पाटीवरचा दोन लाखांचा बॉयलर पाचशे वीस स्क्वेअर फुटांना पुरणारा होता. एवढा फरक पडतो म्हणजे माझंच चुकलं असेल म्हणून मी पुन्हा सगळ्या खोल्या फिरले. पुन्हा तेवढंच आलं.

"किचनमध्ये रेडिएटर नाही?"

"नाही," मृण्मयी म्हणाली. मग फ्रिजकडे वळली. "पण फ्रिज सरकवला होता तेव्हा मागे जमिनीतून एक पाइप आलेला दिसला होता. वर झाकण लावलेलं."

फ्रिज सरकवला. पाइप होता. नंतर मागच्या खोलीत कार्पेटच्या कडेला दोन सापडले आणि वरच्या पॅसेजमध्ये कपाटाच्या आत एक. आधीच्या मालकाने घर नव्याने सजवताना चार मोठे रेडिएटर काढून टाकले होते. बॉयलर मात्र अकरा रेडिएटरचाच राहिला. एवढा मोठा बॉयलर सात रेडिएटरवर चालला की पाच मिनिटांत वाफ कोंडते, तो बंद पडतो, परत पेटतो, परत बंद. गॅस जातो, पाइप ठोकल्यासारखे वाजतात आणि नवा बॉयलर लवकर म्हातारा होतो.

"पाइप वाजतात का?"

"रोज सकाळी," दोघं एकदम म्हणाले. त्यांना वाटत होतं जुन्या घरात असं असतंच.

मी त्यांच्या डायनिंग टेबलावर बसले. खरं सांगते, त्या क्षणी मला ग्रेगचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःच्या नशिबाचा. चौथी सही समोर बसली होती. तेरा आठशे कसे रास्त आहेत, हे मी त्याला अर्ध्या तासात पटवून दिलं असतं. आमच्या कोटात चिमणीच्या आतून नवा धातूचा पाइप होता, बॉयलरभोवती लोखंडी पाइपांची नवी जोडणी होती, टाउनचं परमिट होतं. नऊ हजारवाल्याच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. तेवढं दाखवलं असतं तरी पुरलं असतं. पण नको तो बॉयलर रास्त भावात विकला, म्हणून तो लागणारा होत नाही.

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते," मी म्हटलं. "आमचा कोट फेअर नाही. बाकीचे दोनही नाहीत. तिघांनी चुकीचा बॉयलर लिहिलाय."

अनिरुद्धने लॅपटॉप बंद केला. "मग आता काय करायचं?"

"उद्या संध्याकाळपर्यंत नवा कोट देते. तोपर्यंत कुठेही सही करू नकोस." रेडिएटरच्या मापांचा कागद मी त्यांच्यासाठी टेबलावर ठेवला. गिऱ्हाइकाला स्वतःच्या घराची मापं माहीत असावीत, असं माझं मत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रँकच्या केबिनमध्ये गेले. तो ऐकत गेला तसा मागे रेलत गेला.

"म्हणजे तू गिऱ्हाइकाला सांगितलंस की आपला कोट चुकीचा आहे."

"चुकीचाच आहे."

"ग्रेग पंधरा वर्षं पाटी बघूनच लिहितो. तो पंधरा वर्षं चुकतोय?"

"पंधरा वर्षांचं मला माहीत नाही. सहा वर्षांचे फोन मी घेतलेत." मी सोबत नेलेले प्रिंटआउट टेबलावर ठेवले. नवीन बसवलेले वाफेचे बॉयलर, आणि पहिल्याच हिवाळ्यात आलेल्या तक्रारी. पाइप वाजतात, बॉयलर सारखा पेटतो, बिल कमी झालं नाही. "प्रत्येक फोनला आपण एक माणूस फुकट पाठवला. यातल्या एकाही घरात आधी रेडिएटर मोजलेले नाहीत. फाइली बघून आलेय."

फ्रँकने कागद चाळले. एकदोन परत वर काढून वाचले. मग म्हणाला, "नवा कोट कर. पण हे काम गेलं तर ते तुझ्या नावावर गेलं, ग्रेगच्या नाही."

मला ते मान्य होतं. मान्य नसतं तरी त्याने विचारलं नव्हतं.

नव्या कोटात सव्वा लाख बीटीयूचा बॉयलर घेतला. तो तीनशे पंचवीस स्क्वेअर फुटांचा, म्हणजे दोनशे नव्वदला थोडी जागा ठेवून पुरेसा. बाकी काम होतं तेच ठेवलं. एकूण बारा हजार चारशे पन्नास. कोटात प्रत्येक कामाची वेगळी ओळ लिहिली आणि संध्याकाळी पाठवला.

तासाभरात अनिरुद्धचा फोन. "ताई, माझ्या शीटमध्ये हा हजाराला शंभर येतोय. सगळ्यात वर्स्ट."

"ते शीट डिलीट कर."

मागून मृण्मयीचं हसू ऐकू आलं. "मी कालच सांगितलं त्याला," ती म्हणाली.

"मग कम्पेअर कशाशी करू, यार?" तो वैतागला होता आणि त्याचं चूक नव्हतं.

"दुसऱ्यांनी याच सगळ्या ओळी लिहून दिल्या की आकड्याशी आकडा लाव. काम एकच असलं तरच भावाला अर्थ आहे."

हे मीच सांगितलं. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही.

सोमवारी दुपारी त्याचा परत फोन आला. आवाजात जरा संकोच होता. त्याने माझी मापं आणि माझ्या कोटातल्या ओळी नऊ हजारवाल्याला पाठवल्या होत्या. चिमणीचा पाइप, लोखंडी जोडणी, परमिट आणि सव्वा लाखाचा बॉयलर धरून त्याने नवा आकडा दिला होता: बारा हजार तीनशे.

"ताई, दीडशेचाच फरक आहे. तेवढे कमी करा, आत्ता साइन करतो."

फ्रँकला विचारलं असतं तर त्याने डोळे मिटून हो म्हटलं असतं. माझी सगळी ट्रायल त्या दीडशे डॉलरवर येऊन थांबली होती. पण त्या कोटात मी फुगवलेली एकही ओळ नव्हती.

"नाही कमी होणार," मी म्हटलं. "आज दीडशे सोडले तर उद्या तूच विचारशील, की मग ते कशाचे लावले होते."

"तेही खरंय," तो म्हणाला. आणि त्याने त्या दुसऱ्याकडे सही केली.

मी फ्रँकला सांगायला गेले. त्याने एकच विचारलं. "कितीने गेलं?"

"दीडशे."

"काम तेच?"

"तेच. माझ्याच कागदावरून."

"म्हणजे तुझा आकडा बरोबर होता," तो म्हणाला. "दोन आठवडे आहेत अजून." कौतुक नव्हतं ते, पण त्याने मला केबिनबाहेरही काढलं नाही. पुढच्या मीटिंगमध्ये त्याने सगळ्यांना सांगितलं की वाफेचं घर असेल तर रेडिएटर मोजल्याशिवाय कोट जाणार नाही. ग्रेग महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला.

मीही एक नियम केला. वाफेच्या घरी मोजायला गेले की आधी दीडशे डॉलर घ्यायचे. काम आम्हाला दिलं तर बिलातून वजा. फ्रँक म्हणाला, इथे प्रत्येक व्हॅनवर 'फ्री एस्टिमेट' लिहिलेलं असतं, तुला कोण देणार? मी म्हटलं, कोट फुकटच देऊ, पैसे मोजण्याचे घेऊ.

ट्रायल संपायला चार दिवस होते तेव्हा अनिरुद्धचा फोन आला. नवा बॉयलर बसला होता. घर गरम होतं, सकाळचा ठोकाठोकीचा आवाज बंद झाला होता. मला बरं वाटलं, आणि थोडं जळलंही.

"ताई, माझ्या एका मित्राकडे पण स्टीमच आहे. त्याला तीन कोट आलेत. फेअर आहेत की नाही कळत नाहीये. तुम्ही त्याचे रेडिएटर मोजून द्याल का?"

"देईन. दीडशे डॉलर. आधी."

"फेअर आहे," अनिरुद्ध म्हणाला.

मित्राकडे नऊ रेडिएटर निघाले. चौथी सही त्याचीच.