काकांनी पाडलेली दोन भोकं

काकांच्या गॅरेजमध्ये जुन्या गाड्यांना जो मान होता, तो घरातल्या माणसांना कधी मिळाला नाही. आम्ही मडगार्डला नुसतं टेकलो तरी खेकसायचे. माझ्या या धाकट्या काकांनी चाळीस वर्षं जुनी इंजिनं दुरुस्त केली, आणि त्यांचा नियम एकच: गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली पाहिजे. कुणी नवा हॉर्न बसवायला सांगितला, की काका फडक्याला हात पुसत म्हणायचे, "मग नवीच गाडी घ्या ना साहेब, हिच्या कशाला मागे लागलाय?" गिऱ्हाईक तोंड पाडून जायचं आणि आम्हाला हसू यायचं. तेव्हा यायचं.

आजोबांची गाडीही त्याच गॅरेजात असे. ती चालवायचे फक्त माझे बाबा. रविवारी सकाळी दोघे भाऊ पाण्याच्या टाकीपर्यंत एक फेरी मारून यायचे. बाबांच्या हातात चाक, काकांचा कान इंजिनाकडे. एरवी दोघांचं बोलणं बेताचंच. जे काय बोलायचं ते त्या फेरीत.

मग एक दिवस बाबांची उजवी बाजू लुळी पडली. काही महिन्यांत सावरले, काठी घेऊन चालायला लागले, पण उजव्या पायात जोर निम्माच उरला. त्या गाडीचा ब्रेक तर असा, की धडधाकट माणसालाही दात-ओठ खाऊन दाबावा लागे. बाबांनी कुठूनतरी वाचून काढलं, की इंजिन हवा खेचतं तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या फाटेदार नळकांड्यात, व्हॅक्यूम तयार होतो. ब्रेकला बूस्टर बसवून तिथून एक नळी त्याला जोडली, की ब्रेक दाबायचं निम्मं काम इंजिनच करतं.

"एवढं कर माझ्यासाठी," बाबा म्हणाले. "एक भोक तर पाडायचंय."

"दादा, बिडाचं आहे ते. तडा गेला तर दुसरं कुठून आणू?"

"गेला तर गेला."

"असं कसं गेला तर गेला? आपल्या बाबांची गाडी आहे. तू आधी व्यायाम कर नीट, पाय सुधारेल."

बाबांनी पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं. नंतर आणखी एकदा. मग विचारणंच सोडून दिलं, आणि रविवारी सकाळी गाडीऐवजी खिडकीशी बसू लागले. मी गॅरेजात जाऊन काकांशी कडाकडा भांडले. "तो लोखंडाचा तुकडा तुम्हाला सख्ख्या भावापेक्षा मोठा झाला का?" काका पाने पुसत राहिले. मी फार बोलले असं घरात सगळे म्हणाले. मला तसं आजही वाटत नाही.

असे आठ महिने गेले आणि बाबांना दुसरा झटका आला. हलकाच होता, चार दिवसांत घरी आले. ते आले त्याच दिवशी काकांनी गाडीचं बॉनेट उघडलं.

काम मात्र असं केलं, की बघत राहावं. बिडाचा किस इंजिनात पडू नये म्हणून आख्खं मॅनिफोल्ड उतरवून बाकावर घेतलं. आधी एका मोडक्या मॅनिफोल्डवर हात बसवला. भोक कुठेही पाडून चालत नाही, ते म्हणाले. एकाच सिलिंडरच्या फांदीवर पाडलं तर तो सिलिंडर लंगडतो. म्हणून कार्बोरेटरच्या खाली, बरोबर मध्यावर, खूण केली. एक भोक बूस्टरसाठी, दुसरं बारीक, व्हॅक्यूम मोजणाऱ्या मीटरसाठी. ड्रिलला ग्रीस फासायचं, जरा फिरवायचं, किस पुसायचा, पुन्हा फिरवायचं. चष्मा घामाने नाकावर घसरला होता, पण काकांना हात काढवेना. आटे पाडून पितळी निपल बसवले, तेव्हा कुठे ते स्टुलावर बसले. तडा गेला नव्हता.

मॅनिफोल्ड परत चढवून, बूस्टर आणि मीटर जोडून झाल्यावर बाबांना धरून आणून चाकामागे बसवलं. इंजिन सुरू झालं, मीटरचा काटा एका जागी स्थिर राहिला. बाबांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल अलगद खाली गेलं.

"अरे वा!" बाबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

"आता ॲक्सिलरेटर दे," काका म्हणाले, "आणि मग ब्रेक."

बाबांनी ॲक्सिलरेटर दिला. इंजिन गुरगुरलं. ब्रेकवर यायला मात्र पाय उचलेना. त्यांनी पुन्हा जोर केला. शेवटी पँट मुठीत धरून, हाताने पाय उचलून ब्रेकवर ठेवला. आम्ही तिघंही त्या पायाकडे बघत होतो. मग बाबांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"काम झकास झालंय रे तुझं," ते म्हणाले.

काका दाराशी उकिडवे बसले होते. "दादा, मी तेव्हाच केलं असतं तर..."

"छे! पाय तेव्हाही उचलत नव्हता," बाबा म्हणाले. "मी बोललो नाही, इतकंच."

साफ खोटं. तेव्हा ते रोज जिना चढून वर यायचे. आणि हे माझ्यापेक्षा काकांना जास्त ठाऊक होतं, कारण प्रत्येक पायरीवर त्यांचा हात धरायला काकाच असायचे.